अर्धी राहिलेली पात

परवापासून आमच्या शेतात हळदीची काढणी सुरू झाली आहे. फाल्गुन लागला की कुरुंद्याच्या शिवारातला वारा ओळखू येतो. कापून ढीग लावलेल्या पाल्याचा उग्र, आल्यासारखा वास, उकरलेल्या मातीचा ओला वास आणि संध्याकाळी कुणाच्या तरी शेतात हळद शिजायला लागली की येणारा तो जड, गोडसर वास. तो सदऱ्यात जाऊन बसतो आणि दोन धुण्यांतही निघत नाही. आता मोठाल्या कढया गेल्या, वाफेवरचे कुकर आले. वास तेवढा तोच राहिला.

काल दुपारी गयाबाई बांधाकडच्या शेवटच्या ओळीपाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. काढणाऱ्या बायांच्या टोळीची ती म्होरकी. तिच्या बोलण्याला आमच्याकडे मालकही घाबरतात.

"भाऊ, औंदा तरी ही काढायची का?"

"राहू द्या, गयाबाई."

"अवो हळदीला काय भाव हाये आन् तुमी दर साली राहू द्या, राहू द्या म्हनून राहिले. देवाची हाये का ती?"

बाया हसल्या. मीही हसलो आणि पाण्याची कळशी आणायच्या निमित्तानं विहिरीकडे गेलो.

पात म्हणजे काय, हे शेतापासून लांब गेलेल्या वाचकाला सांगायला हवं. खुरपणी असो, काढणी असो, या बांधापासून त्या बांधापर्यंत एका माणसाच्या वाट्याला जी ओळ येते, ती त्याची पात. सकाळी पात धरायची आणि ती संपवूनच कंबर सरळ करायची. आमच्याकडे अर्धी पात टाकून कुणी घरी जात नाही. एखादी बाई मागं राहिली, तर जिची आधी संपली ती समोरच्या टोकाकडून तिच्या पातीत शिरते आणि दोघी मध्यावर भेटतात. याला पात ओढणं म्हणतात. माझी माय अशा किती जणींच्या पाती ओढायची. तिच्या बोटांच्या पेरांत हळद अशी मुरलेली होती की उन्हाळा सरला तरी तिच्या हातच्या भाकरीला पिवळी कड दिसायची.

बांधाकडची ती अर्धी पात माझी नाही. ती दिगंबरची आहे. तिच्याकडे पाहिलं की मला हळद आठवत नाही, लाल स्ट्रॉबेरी आठवते.

एकोणीसशे सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमचा जिल्हा परभणीच होता. मी शेतकी कॉलेजातून नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलो होतो. आमच्या वस्तीत पदवी म्हणजे काय हे सांगायलाही दुसरं कुणी नव्हतं. माय-बा दोघंही दुसऱ्याच्या शेतात राबायचे. धम्म स्वीकारल्यावर बानं घरात एकच नेम घातला होता, पोरगं शाळा बुडवणार नाही. पुढं शिष्यवृत्ती मिळाली, वसतिगृह मिळालं, जीव लावून शिकवणारे गुरुजी मिळाले. या सगळ्यांचं ऋण मी कधी विसरलो नाही आणि ते फेडून झालं असंही मला कधी वाटलं नाही.

त्या उन्हाळ्यात कॉलेजात एक निरोप आला. इंग्लंडमधल्या फळबागांवर उन्हाळाभर काम करायला निरनिराळ्या देशांतली पोरं हवी होती. तिकीट त्यांचं, राबणं आपलं, शेवटी आठवडाभर देश पाहायची मुभा. गुरुजींनी दोन नावं पाठवली. एक माझं आणि दुसरं माझ्याच गावच्या दिगंबरचं.

दिगंबर म्हणजे आबांचा मुलगा. आबांची जमीन मोठी, विहिरीला बारमाही पाणी, आणि माझी माय त्यांच्याच शेतात हळद काढायची. शाळेत मी आणि दिगंबर एका बाकावर बसलो, कॉलेजात एका पंगतीला जेवलो. गावात मात्र त्यांच्या ओसरीच्या पायरीखाली माझी चप्पल थांबायची आणि मीही तिथंच थांबायचो. त्यानं ये म्हटलं नाही, मी वर चढलो नाही. यात आम्हा दोघांनाही तेव्हा काही वेगळं वाटत नसे, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

निघताना मायनं फडक्यात गुंडाळून खुरपं दिलं. "तिकडं मिळल का न्हाई काय म्हाईत. आपल्या हाताला आपलंच खुरपं बराबर." विमानतळावरच्या साहेबानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं. दिगंबर म्हणाला, "साहेब, याचं पेन आहे ते." तिघंही हसलो. त्या दिवसांत दिगंबरच्या शब्दावर मला हसू फार लवकर यायचं.

इंग्लंडच्या केंट परगण्यातला तो उन्हाळा अजून माझ्या अंगात आहे. रात्रीच्या जेवणाची वेळ झाली तरी सूर्य मावळायचं नाव घेत नसे. पिवळं ऊन आडवं होऊन ओळींवर पडायचं आणि प्रत्येक पानाखाली एक लाल ठिणगी दिसायची. फळ मातीला लागू नये म्हणून झाडांखाली गव्हाचं काड पसरलेलं असे. त्या काडाचा कोरडा वास आणि पिकलेल्या फळाचा गोड वास एकत्र झाला की मला उगीचच आमच्या खळ्यावर गूळ सांडल्यासारखं वाटायचं. बोटं लाल व्हायची. मी ती पाहत बसायचो. मायची पिवळी आणि माझी लाल, रंग तेवढा बदलला, असं वाटून एकट्यालाच हसू यायचं.

ओळीच्या तोंडाशी लाकडी खुंटी आणि खुंटीवर राबणाऱ्याचं नाव. मुकादम म्हणजे टॉम, साठी ओलांडलेला, लालबुंद कानांचा माणूस. संध्याकाळी तो खुंट्यांपाशी उभा राहून कुणाची ओळ साफ झाली आणि कुणाची राहिली ते नजरेनंच पाही. पहिल्याच दिवशी त्यानं आपल्या थर्मासचं झाकण काढलं, त्यात चहा ओतला, एक घोट स्वतः घेतला आणि तेच झाकण माझ्यापुढं धरलं. माझा हात क्षणभर पुढं गेलाच नाही. गावात नाक्यावरच्या हॉटेलात आमच्या वस्तीच्या कपबशा वेगळ्या, बाहेर खिळ्याला टांगलेल्या असत. पिऊन झालं की आपली आपण धुऊन पुन्हा तिथंच अडकवायची. टॉमला यातलं काही ठाऊक नव्हतं. "गार होतोय," एवढंच तो म्हणाला. तो चहा फार पातळ होता, आणि तसा चहा मी पुन्हा कधी प्यायलो नाही.

दिगंबर आमच्या खोलीत माझ्या हातचं पिठलं खायचा. ताटात बोट फिरवून म्हणायचा, "लेका किसन, तुह्या मायच्या हातचं कसं आसल मंग!" आणि मला वाटायचं, समुद्र ओलांडला आणि ओसरीची पायरीही ओलांडली.

पण दिगंबरला वाकून काम करायची सवय नव्हती. घरच्या शेतात तो बांधावर उभा राहायचा, वाकायला बाया होत्या. पहिल्या दिवशी सांजेला माझी ओळ संपली तेव्हा त्याची अर्ध्याच्याही अलीकडे होती. टॉम खुंटीकडे पाहून चुकचुकला. ती कशीबशी पुरी करून त्या रात्री दिगंबर पालथा पडून कण्हत होता. मी त्याच्या कमरेला तेल चोळत होतो.

"किसन, मला परत धाडतेत बघ हे."

"असं कसं धाडतील?"

"सावड करू गड्या. तू माही पात ओढ, मी तुही ओढीन. गावात करतेत तशी."

माझे चोळणारे हात थांबले. सावड! ज्याच्याकडे एकच बैल, त्यानं दुसऱ्या एकबैल्याशी जोडी करायची, आज तुझं रान, उद्या माझं. हळद काढायच्या दिवसांतही सावड चालते. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. तिच्यात मजुरी नसते, म्हणून मालक नसतो आणि गडीही नसतो. संध्याकाळी ज्याचं रान, तो सगळ्यांना जेवायला बसवतो आणि चारचौघांत नाव घेऊन सांगतो, आज अमक्यानं माझी पात ओढली. हे घेणाऱ्यानंच सांगायचं असतं. देणारा खाली मान घालून भाकरी मोडतो. देणाऱ्यानं स्वतःच बोलून दाखवलं तर ती सावड राहत नाही, भीक घातल्यासारखी होते.

हे सगळं मी लांबून पाहिलेलं होतं. आमच्या वस्तीला सावडीचं बोलावणं कधी आलं नाही. आम्हाला मजुरीला बोलावत. बरोबरीच्यांत सावड होते. आणि आज आबांचा मुलगा मला म्हणत होता, सावड करू.

मी काय बोललो ते आठवत नाही. तेल बहुधा जरा जास्तच चोळलं असेन.

त्यानंतर रोज माझी ओळ उरकली की मी समोरच्या टोकाकडून दिगंबरच्या ओळीत शिरायचो. मध्यावर भेटलो की तो म्हणायचा, "ये पाव्हण्या!" पलीकडच्या ओळींतली पोलंडची पोरं आमच्याकडे पाहून काहीतरी बोलायची. आपल्या ओळीचं झालं की ती गवतावर लोळत. मला त्यांची कीव यायची, यांच्या देशात सावड नसेल बिचाऱ्यांच्या! टॉम मात्र थांबून पाहायचा. एकदा त्यानं माझं खुरपं घेतलं आणि माझ्यासारखं उकिडवं बसायचा प्रयत्न केला. बसला तो मागच्या मागं काडात कोसळला. दिगंबरनं आणि मी त्याला दोन्ही हात धरून उठवलं.

रविवारी आम्ही फिरायला निघायचो. पाठीला पिशवी, पिशवीत पाव आणि उकडलेले बटाटे. जुनी देवळं पाहिली, दगडी पूल पाहिले, एका बाजारात मेंढरांचा लिलाव पाहिला. समुद्र मात्र राखून ठेवला होता. मराठवाड्यातल्या आम्हा दोघांनी तो विमानाच्या खिडकीतून ढगाआड पाहिला तेवढाच. "शेवटच्या आठवड्यात दोघं मिळून बघू, पाय बुडवून," असं दिगंबरनंच ठरवलं होतं.

भर उन्हाळ्यात मालक एकदा बागेत आले आणि त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांच्या ओळखीच्या एका फळबाग शाळेत वर्षभर शिकायची जागा होती. राहणं-जेवण याच शेतावर. आमच्यापैकी एकाला ती मिळणार होती. उन्हाळाभर कुणाची ओळ कशी राहते ते पाहून ठरवू, ते म्हणाले.

मला कलमं शिकायची होती. आमच्याकडे कोरडवाहूच्या बांधाला फळझाड कसं जगवायचं, हे मी कॉलेजात असल्यापासून डोक्यात घेऊन हिंडत होतो. दिगंबरला ते माहीत होतं. त्यानंच पाठीवर थाप मारली. "जागा तुहीच समज. मला काय करायचं शिकून? आबाचं रान वाट पाहून राहिलं माही. तू राह्य, शिकून ये, मग माह्या रानात आंबा लाव."

मी त्याची पात ओढत राहिलो. त्याला परत धाडू नये एवढंच मनात होतं. आता सांगताना कुणालाही वाटेल, हा कसा भोळा! पण सावड अर्ध्यात मोडायची तर कारण हवं, आणि माझ्याकडे कारण नव्हतं.

फळं संपली. मग त्याच ओळींतलं तण काढायचं आणि झाडांना फुटलेले लांब धुमारे छाटायचं काम आलं. ते हलकं होतं. दिगंबरचा हात तोवर बसला होता, आपली ओळ तो आपली आपण संपवू लागला होता. त्याच दिवसांत मला ताप भरला. अंग फणफणत होतं. खोलीच्या खिडकीतून बाग दिसायची, ओळी दिसायच्या, खुंट्या दिसत नसत. दिगंबर सांजेला यायचा, माझ्यासाठी पेज करायचा. तो पेज चांगली करायचा, हे लिहिलंच पाहिजे.

"माही पात?"

"तिची काळजी तू करू नको. झोप."

मी शांत झोपायचो. परक्या मुलखात आपली पात ओढणारा कुणीतरी आहे, या एका विचारानं तापातही बरं वाटायचं. आयुष्यात इतकी गाढ झोप मला क्वचितच लागली असेल.

बरा होऊन बागेत गेलो तेव्हा माझ्या खुंटीपासून थोड्या अंतरावर गवत सुरू होत होतं. मी टाकून गेलो होतो तिथपासून पुढं, थेट कुंपणापर्यंत. शेजारची दिगंबरची ओळ भांग पाडल्यासारखी स्वच्छ. मला वाटलं, जमलं नसेल. मग वाटलं, टॉमनं मना केलं असेल. माणूस दुसऱ्यासाठी किती कारणं शोधतो!

त्याच दिवशी मालक आले. टॉम बरोबर होता. मालक खुंट्यांपाशी थांबले, दोन्ही ओळी पाहिल्या आणि म्हणाले, "सगळ्या उन्हाळ्यात एवढी एकच ओळ अर्धी राहिली. आजारी होतास, मला कळतं. पण दिगंबरची एकही राहिली नाही."

टॉम खाकरला. "साहेब, हे दोघं जण..."

मालकांनी हात वर केला. "त्यालाच सांगू दे." आणि दिगंबरकडे वळून विचारलं, "पहिल्या दिवसापासूनची ही सगळी ओळ तू एकट्यानं केलीस?"

मी खाली मान घातली. ती लाजेनं नव्हती. नाव घेतलं जाण्याआधी देणारा घालतो तशी. आता दिगंबर म्हणणार, नाही साहेब, किसननं माझी पात ओढली. मनातल्या मनात मी त्याचं इंग्रजी भाषांतरसुद्धा करून ठेवलं होतं.

"हो साहेब," दिगंबर म्हणाला. "एकट्यानं. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शेती आहे."

मी वर पाहिलं. टॉम माझ्याकडे पाहत होता. बोल, असं त्याच्या सगळ्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. माझ्या तोंडात इंग्रजी होतं, मराठी होतं, पदवी होती. पण देणाऱ्यानं स्वतःच बोलावं असं एकही वाक्य मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मालकांनी दिगंबरचा हात हातात घेतला आणि दोघं घराकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबर नळावर दाढी करत होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"दिगंबर, आपली सावड होती ना?"

त्यानं आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. अर्ध्या गालाला साबण होता.

"तू काहून बोलला न्हाईस मग? मी काय तोंड धरलं व्हतं तुहं?"

"तू बोलायचं असतं ते. घेणाऱ्यानं."

वस्तरा पाण्यात बुडवून, झटकून तो म्हणाला, "सावड-बिवड गावातल्या गोष्टी. आन् गावात तरी, किसन, तुमच्यात-आमच्यात सावड कवा व्हती रे?"

तो रागानं बोलला नाही. चिडून बोलला असता तर ते वाक्य मी कधीचा विसरलो असतो. बाजारात कांद्याचा भाव सांगावा तसा तो बोलला आणि दुसऱ्या गालाकडे वळला.

समुद्र मी एकट्यानं पाहिला. गोटे-गोटेच होते किनाऱ्याला, वाळू नव्हती. लाट मागं जाताना गोटे एकमेकांवर घासून दात खाल्ल्यासारखा आवाज व्हायचा. मी चपला काढल्या, पाय बुडवले. पाणी इतकं गार होतं की पाय आपले राहिले नाहीत. लोक मजेत होते, पोरं ओरडत होती, एका म्हातारीनं हातातली लिमलेटची गोळी मला देऊ केली. त्या देशानं माझं काही वाईट केलं नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. त्या आठवड्यात मी लंडनचे पूल पाहिले, बागा पाहिल्या, काचेच्या घरात वाढवलेली केळ पाहून तर जवळ जाऊन तिच्या पानाला हात लावला. तिच्यासारखाच मी तिथं उभा होतो. पण जे जे पाहिलं ते पाहताना शेजारी कुणाला तरी 'हे बघ' म्हणायला तोंड वळायचं, आणि शेजारी कुणी नसायचं.

निघताना टॉमला मी खुरपं दिलं. तो म्हणाला, "तू बोलायला हवं होतंस, पोरा." सावड म्हणजे काय ते मला इंग्रजीत सांगता आलं नाही. मी त्याचा हात धरला एवढंच.

गावात उतरलो तेव्हा आबा पारावर होते. पोरगं विलायतेत राहिलं याची बातमी त्यांना आधीच कळलेली. धोतराचा सोगा सावरत ते पुढं आले.

"काय रे किसन, आमच्यावाल्याला काहून ठिवून घेतलं त्यांनी?"

सगळा पार माझ्याकडे पाहत होता. एका वाक्याचं काम होतं. आबांचे डोळे इतके भरून आले होते की ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही.

"त्याची पात कधी अर्धी राहिली न्हाई, आबा."

"वा रे वाघा!" आबा म्हणाले आणि त्यांनी पारावरच्या सगळ्यांना चहा सांगितला. माझा चहा खिळ्यावरच्या कपातून आला.

हळद काढायला लागले तेव्हा मायला आबांच्या शेतात कुणीतरी टोचून बोललं, बाई, तुहं पोरगं कामाला कमी पडलं म्हणं. ती संध्याकाळी आली, हातपाय न धुताच माझ्यासमोर बसली. तिचे हात मनगटापर्यंत पिवळे होते.

"तुला काहून न्हाई ठिवलं? खरं सांग."

मायला मी सगळं सांगितलं. तापाचं, खुंट्यांचं, नळावरचं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "निजामाच्या राज्यात आमी वेठ केली. ढोर हाकलावं तसं हाकलून नेयाचे. तू तर लेकरा हवाई जहाजात बसून वेठ करून आलास."

"वेठ नव्हती, माय. तो सावड म्हणला होता."

"म्हनूनच," माय म्हणाली. "आमाला निदान म्हाईत तरी व्हतं."

आणि ती हात धुवायला उठली. दुसऱ्या दिवशीपासून ती आबांच्या शेतात गेली नाही. दूरच्या शिवारात जायची, जाऊन-येऊन पाय सुजायचे, पण गेली नाही. आबांना त्याचं कारण कळलं नाही. दिगंबर वर्ष सरलं तरी परतला नाही, तिकडचाच झाला. ते गेले तोवर मला पारावर थांबवून दिगंबरची खुशाली विचारायचे, जणू तो मला रोज भेटत होता.

पुढं गुरुजींच्याच खटपटीनं मला शेती खात्यात नोकरी लागली. हिंगोली, कळमनुरी, वसमत अशी सगळी उमर गेली. बांधाबांधावर शेतकऱ्यांना कलमं शिकवली, स्वतः पुस्तकं वाचून, चुकत-माकत शिकलेली. लोक माळरानात लावलेला आंबा दाखवायला अजून घरी बोलावतात. तक्रार करावी असं आयुष्य माझ्या वाट्याला आलं नाही. आणि तरी फाल्गुनात, बाया पाती धरून वाकलेल्या दिसल्या की त्या नळाचं पाणी ऐकू येतं.

नोकरीच्या अखेरीस गावालगत दोन एकर घेतलं. माय तोवर नव्हती. पहिली हळद निघाली त्या वर्षी मी स्वतः एक पात धरली, तिच्या नावानं.

आणि काही वर्षांमागं, अशाच काढणीच्या दिवसांत, बांधापाशी एक गाडी थांबली. दिगंबर उतरला. केस पांढरे, डोक्यावर उन्हाची टोपी. आबांच्या मागं राहिलेली जमीन विकायला आला होता. आम्ही एकमेकांना ओळखायला वेळ लागला नाही. त्यानं मला मिठी मारली. माझे हात मातीचे होते, म्हणून मी ते दोन्ही बाजूंना धरून ठेवले.

"किसन, एक पात मला दे रे. कंबर बघतो राहिली का."

बांधाकडची शेवटची दिली. तो उकिडवा बसला, गड्डे उकरायला लागला, मुळांची माती झाडायला लागला. आणि मग बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बायांनो, म्हाईत हाये का, आमी दोघं लंडनला सावडीनं काम करायचो! हा माही पात ओढायचा, रोज!"

इतक्या वर्षांनी नाव घेतलं गेलं. माझ्या रानात, माझ्या मजूर बायांसमोर, जिथं त्यामुळं कुणाचंच काही जाणार-येणार नव्हतं. मी उभाच राहिलो. खरं सांगतो, एक क्षण मान खाली जायला निघाली होती. जुनी सवय.

गयाबाई पटकन म्हणाली, "मंग आज तुमची पाळी हाये सायेब! ओढा आमच्या भाऊची!"

बाया खदखदून हसल्या. दिगंबरही हसला. त्यानं थोडी ओळ पुढं नेली, मग कमरेला हात लावून उठला, खिशातला फोन पाहिला. वारंगा फाट्यावर जमिनीचं गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं. "जातो गड्या. पुढच्या खेपेला पुरी करतो," म्हणाला. गाडीत बसताना त्यानं हातरुमालानं बोटं पुसली, पण हळद अशी निघत नसते.

धूळ खाली बसल्यावर गयाबाई त्या पातीशी गेली. "अर्धी ठिवून गेला की वो तुमचा दोस्त. ओढू का?"

सगळ्या बाया थांबल्या होत्या. पात अर्धी ठेवायची नसते, हे त्यांच्याही अंगात होतं, माझ्याही. माझे पाय आपसूक समोरच्या टोकाकडे वळले होते. मी ते थांबवले.

"नको. ती ज्याची आहे त्याची आहे."

जमिनीत राहिलेली हळद मरत नाही. मृगात त्या अर्ध्या ओळीला कुणी न लावता कोंब आले, हाताएवढी पानं झाली, हिवाळ्यात वाळली, पुन्हा फुटली. दिगंबर पुन्हा आला नाही. नांगर तिथं वळवून घ्यायला मी गड्याला सांगून ठेवलं आहे. त्या ओळीला मी पाणी तोडत नाही आणि खतही घालत नाही.

काल विहिरीवरून कळशी भरून आणली तेव्हा बाया पाती संपवून बांधावर बसल्या होत्या. रान सगळं उघडं झालं होतं, उकरलेलं, पिवळ्या गड्ड्यांचे ढीग लागलेलं. कडेला ती अर्धी ओळ तेवढी वाळल्या पाल्यासकट उभी होती. गयाबाईला मी पाणी दिलं. तिनं ओंजळ तोंडाला लावली, पिऊन झाल्यावर त्या ओळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि या वेळी काही विचारलं नाही.